रूफस की ॲलन्स? कॅलिफोर्नियात नव्याने हमिंगबर्ड बघणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर राहायला आलात आणि पक्ष्यांची थोडी जरी आवड असली, तरी पहिल्या वसंतातच हा प्रश्न तुमच्यासमोर येणार. फुलांवर तांबूस रंगाचा एक इवला हमिंगबर्ड भिरभिरतो, तुम्ही पुस्तक उघडता, आणि त्यात जवळजवळ सारखी दिसणारी दोन चित्रं शेजारी शेजारी असतात: रूफस हमिंगबर्ड आणि ॲलन्स हमिंगबर्ड. मोबाइलवरचं ॲप एकदा हे नाव सांगतं, एकदा ते. इथल्या आपल्या मराठी पक्षीमित्रांच्या ग्रुपवर दर मार्चमध्ये याच दोघांचे फोटो येतात आणि दर मार्चमध्ये तीच चर्चा होते. म्हणून सगळं एका जागी, क्रमाने लिहून ठेवतो आहे.

आधी एक खुलासा. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात, भारतात एकही जात नाही. आपल्याकडे जास्वंदीवर येणारा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, हा वेगळ्याच कुळातला. तो सहसा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो आणि मागेही उडू शकतो. महाराष्ट्रात बागेत 'हमिंगबर्ड दिसला' असं कोणी सांगितलं, तर तो बहुधा दिवसा उडणारा, लांब सोंडेचा पतंग असतो. त्यामुळे गावाकडचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही. नव्याने शिकायचं आहे, हे धरूनच सुरुवात करा.

मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, ते आताच सांगतो. या दोन जातींमध्ये पाठीच्या रंगाला अवाजवी भाव दिला जातो. तारीख, जागा आणि शेपटीची पिसं ही तीन साक्षीदारं त्याहून पक्की आहेत. आणि बऱ्याच पक्ष्यांच्या बाबतीत 'दोघांपैकी एक' हेच खरं, पूर्ण उत्तर असतं.

काय काय लागेल

- ८×४२ ची दुर्बीण. अगदी जवळचं, दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसेल अशी बघून घ्या, कारण हे पक्षी जवळ येतात.
- कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून वेगवान ठेवता यायला हवं. नसेल तर फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ; भरपूर उजेडात त्यातूनही शेपटीचा आकार कळतो.
- कॉर्नेल लॅबची दोन मोफत ॲप्स: ओळखीसाठी मर्लिन, नोंदीसाठी ईबर्ड.
- छोटी वही. तारीख, वेळ, जागा आणि 'नक्की काय दिसलं' एवढंच लिहायचं.

नावांबद्दल एक सूचना. माणसांवरून ठेवलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलायची, असं अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे 'ॲलन्स' आणि 'ॲनाज' (इथलाच तिसरा हमिंगबर्ड, पायरी १ मध्ये येईल) ही नावं पुढे बदलतील. वहीत शास्त्रीय नावंही लिहून ठेवा: रूफस म्हणजे सेलॅस्फोरस रूफस, ॲलन्स म्हणजे सेलॅस्फोरस सॅसिन, आणि ॲनाज म्हणजे कॅलिप्टे ॲना.

१. आधी ॲनाज बाजूला काढा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात फीडरवर (पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यावर) वर्षभर जो दिसतो तो बहुतेक वेळा ॲनाज हमिंगबर्ड. तो या दोघांपेक्षा थोडा मोठा आणि भरदार असतो. वर हिरवा, खाली करडा. नराचा गळा आणि डोकंही गुलाबी-लाल चमकतं. त्याच्या अंगावर तांबूस रंग कुठेच नसतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: कुशीला किंवा शेपटीच्या मुळाशी गेरूसारखा रंग आहे का? नसेल तर हा लेख त्या पक्ष्यासाठी नाही.

सापळा: फुलातले परागकण. ॲनाजच्या कपाळावर आणि गळ्यावर पिवळे-नारिंगी पराग चिकटतात आणि लांबून तो चक्क तांबूस वाटतो. पराग चोचीच्या मुळापाशी आणि कपाळावर असतात, कुशीवर नाही. तेवढं बघितलं की शंका मिटते.

२. नर, मादी की पिल्लू?

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. खालच्या बहुतेक खुणा फक्त प्रौढ नराला लागू आहेत.

प्रौढ नराचा गळा सलग, पूर्ण रंगाचा असतो: तांबडा-केशरी, तापलेल्या तांब्यासारखा. पण हा रंग पिसांतल्या रंगद्रव्याचा नसून त्यांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. म्हणून पक्षी तोंड फिरवून बसला की तोच गळा काळा कुळकुळीत दिसतो. फांदीच्या टोकावर बसलेल्या नराकडे दुर्बीण लावून नुसते थांबा. तो सारखी मान हलवत असतो. काळा, काळा, काळा, आणि एका कोनात गळा एकदम पेटतो, हनुवटीपासून कानाच्या मागेपर्यंत. पुढच्या क्षणी पुन्हा विझतो. तो एक क्षण मिळेपर्यंत 'गळा काळा' असं वहीत लिहू नका.

मादी आणि पिल्लं वरून हिरवी, कुशीला फिकट तांबूस आणि गळ्यावर ठिपके असलेली असतात. मादीच्या गळ्यावर मधोमध छोटा केशरी डागही असू शकतो. नर पिल्लांच्या गळ्यावर रंग तुकड्यातुकड्याने भरत असतो. हे सगळे पायरी ६ मध्ये येतील.

३. पाठ बघा, पण तिच्यावर विसंबू नका

प्रौढ नर रूफसची पाठ बहुतांशी तांबूस असते, ॲलन्सची हिरवी. पुस्तकात एवढंच दिलेलं असतं. प्रत्यक्षात नियम असा धरा:

पाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण तांबूस असलेला प्रौढ नर म्हणजे रूफस. हे खात्रीने म्हणता येतं.

पाठ पूर्ण हिरवी असलेला प्रौढ नर म्हणजे बहुधा ॲलन्स. 'बहुधा' शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण काही थोड्या रूफस नरांची पाठ हिरवी असते. आणि काहींची अर्धी अर्धी, तांबूसवर हिरवे शिंतोडे. पाठीवरून अशांचा निकाल लागत नाही.

इथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे डोक्याचा हिरवा रंग. डोकं दोघांचंही हिरवंच असतं. समोरून किंवा खालून बघताना तेच 'हिरवी पाठ' म्हणून मनात बसतं. मानेच्या खाली, दोन पंखांच्या मधला भाग दिसला असेल तरच पाठीबद्दल बोला. दुसरा सापळा मोठा आहे: रूफसच्या नर पिल्लांची पाठ पहिल्या उन्हाळ्यात हिरवीच असते. हिवाळ्यात पिसं बदलल्यावर ती तांबूस होते. ऑगस्टमध्ये हिरव्या पाठीचा आणि गळ्यावर अर्धवट रंग असलेला पक्षी बघून लोक बेधडक ॲलन्स लिहितात. त्यातले कितीतरी रूफस असतात.

४. शेपटी: खरा पुरावा

हमिंगबर्डच्या शेपटीत दहा पिसं असतात, दोन्ही बाजूंना पाच-पाच. मधल्या जोडीला आर-१ म्हणतात आणि तिथून बाहेर मोजत सगळ्यात कडेचं पीस आर-५. आपल्याला दोनच पिसं बघायची आहेत.

आर-२, म्हणजे मधल्या जोडीच्या लगेच शेजारचं. प्रौढ नर रूफसमध्ये या पिसाच्या टोकाजवळ, आतल्या कडेला स्पष्ट खाच असते, जणू नखाने छोटासा चिमटा काढला आहे. ॲलन्समध्ये ही खाच नसते. पीस टोकापर्यंत सरळ निमुळतं होत जातं.

आर-५, म्हणजे कडेचं. ॲलन्समध्ये ते फारच बारीक, सुईच्या जवळ जाणारं असतं. रूफसमध्येही अरुंद असतं, पण इतकं नाही. सवय होईपर्यंत या पिसावरून एकट्याने निर्णय घेऊ नका. आर-२ ची खाच दिसली तर ती पुरेशी आहे.

अडचण ही की बसलेल्या पक्ष्याची शेपटी मिटलेली असते. ती उघडते कधी, ते माहीत करून घ्या. दुसऱ्या हमिंगबर्डला हुसकावताना, फीडरपाशी वेग कमी करताना, आणि अंघोळीनंतर पिसं साफ करताना. तिसरा प्रसंग सर्वांत सोपा, कारण पक्षी जागेवर असतो. पहाटेच्या दवात भिजलेल्या पानांवर किंवा बागेतल्या तुषारांत अंघोळ करून तो जवळच्या उघड्या काडीवर बसतो आणि एक एक बाजू ताणून शेपटी पंख्यासारखी उघडतो. कॅमेरा त्या काडीवर आधीच रोखून ठेवा. फीडरवर भांडणं चालू असतील तर सलग फोटो काढत राहा. शंभरातला एक कामाचा निघाला तरी पुरे.

पक्षी हातात धरून पिसं मोजणारे लोक इथे आहेत, पण त्यासाठी प्रशिक्षण आणि सरकारी परवाना लागतो. तुम्ही पकडण्याचा विचारही करू नका. अमेरिकेच्या १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट या कायद्याखाली हे पक्षीच नव्हे, तर त्यांचं गळलेलं पीस किंवा रिकामं घरटं घरी आणून ठेवणंही बेकायदेशीर आहे. कोळ्याच्या जाळ्याने विणलेलं ते घरटं इतकं सुंदर असतं की मुलांना उचलून आणावंसं वाटतंच. त्यांना आधीच सांगून ठेवा.

५. तारीख आणि जागा

ही पायरी नवखे लोक सोडून देतात, आणि माझ्या मते अर्धं उत्तर इथेच असतं. दोन्ही जातींचं वर्षाचं वेळापत्रक वेगळं आहे.

ॲलन्सची स्थलांतर करणारी उपजात दक्षिण ओरेगनपासून दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंतच्या अरुंद किनारपट्टीत वीण करते आणि हिवाळा मेक्सिकोत काढते. तिचे नर फार लवकर परततात: जानेवारीच्या उत्तरार्धातच सांताक्रूझ, हाफ मून बे, पॉइंट रेझ या भागांत ते दिसू लागतात. मे संपता संपता नर निघायलाही लागतात.

रूफस मात्र मध्य कॅलिफोर्नियात वीण करत नाही, तो इथून फक्त जातो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल किनाऱ्याच्या आणि पायथ्याच्या बाजूने उत्तरेकडे; वीण ओरेगन, वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबिया आणि थेट दक्षिण अलास्कापर्यंत. परतताना तो डोंगरांचा रस्ता धरतो. जूनअखेरपासून सिएरा नेवाडाच्या उंच कुरणांत, ताहोच्या आसपास, योसेमिटीत तुओलमी मेडोजला तो फुलांमागून फुलं करत दक्षिणेकडे सरकताना दिसतो. तीन-चार ग्रॅमचा हा जीव एका बाजूचा सहा हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास करू शकतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून फीडरवर आलेल्या रूफसकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. त्यांची संख्या घटते आहे, म्हणूनही प्रत्येक नीट केलेली नोंद मोलाची.

तुम्ही कुठे राहता त्याप्रमाणे हे असं वापरा:

*बे एरिया आणि किनारा.* फेब्रुवारीच्या सुरुवातीचा हिरव्या पाठीचा नर: ॲलन्स म्हणायला हरकत नाही. मार्च-एप्रिल: दोघेही, त्यामुळे पाठ आणि शेपटी दोन्ही बघा. मे: ॲलन्सचंच राज्य. जुलै-ऑगस्ट: गोंधळाचा काळ, पिल्लंच जास्त. सनीव्हेल किंवा क्युपर्टिनोच्या आत, किनाऱ्यापासून लांब, वर्षभर ॲनाजच जास्त दिसेल. ॲलन्स बघायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सांताक्रूझ विद्यापीठाच्या आर्बोरेटमला (वृक्षोद्यानाला) जा. फुललेल्या ऑस्ट्रेलियन झाडांवर नरांची नुसती धुमश्चक्री चालू असते.

*लॉस एंजेलिस, ऑरेंज काउंटी, सॅन डिएगो.* इथला हिशेब वेगळा. ॲलन्सची दुसरी, स्थलांतर न करणारी उपजात पूर्वी फक्त इथल्या किनाऱ्यासमोरच्या चॅनल बेटांवर होती. १९६० च्या दशकात ती लॉस एंजेलिसजवळच्या पालोस व्हर्डेस द्वीपकल्पावर पोचली आणि तिथून बागाबागांतून पसरत गेली. त्यामुळे डिसेंबरमध्येही आवारात ॲलन्स दिसणं इथे नेहमीचं आहे. बे एरियातल्या मित्राचे नियम इथे लावू नका.

*सिएटल, पोर्टलंड.* मार्च ते जुलै तांबूस हमिंगबर्ड म्हणजे रूफस. फार विचार करू नका.

*उत्तर कॅलिफोर्निया आणि दक्षिण ओरेगनची सीमा.* इथे दोन्ही जातींचा संकर होतो. मधल्याच खुणांचा पक्षी दिसला तर तो खरोखरच मधला असू शकतो.

६. मादी आणि पिल्लं: 'रूफस/ॲलन्स' लिहा

बागेतून बघून या दोन जातींच्या माद्या वेगळ्या करता येत नाहीत. फरक शेपटीच्या पिसांच्या रुंदीत आहे, तोही मिलिमीटरच्या अंशांत. पूर्ण उघडलेल्या शेपटीचा अतिशय स्पष्ट फोटो असेल तर जाणकारांना दाखवा. नसेल तर ईबर्डमध्ये 'रूफस/ॲलन्स' असा स्वतंत्र पर्याय दिलेला आहे, तो निवडा. त्यात कमीपणा काही नाही. वर्षानुवर्षं बघणारे लोकही तोच निवडतात.

'आकार जरा लहान वाटला, म्हणून ॲलन्स' ही अटकळ अजिबात नको. आकारातला फरक डोळ्यांना कळण्यासारखा नाही.

७. कान आणि हवेतल्या कसरती

दोघांच्याही प्रौढ नरांच्या पंखांतून उडताना बारीक, धातूसारखी खणखणती शीळ येते. ॲनाजच्या पंखांतून तशी येत नाही. म्हणजे पक्षी दिसायच्या आत कानाला कळतं की या जोडीपैकी एक नर आला. कोणता, ते मात्र या आवाजावरून कळत नाही.

विणीच्या काळातल्या कसरतींवरून कळू शकतं. ॲलन्सचा नर मादीसमोर आधी लंबकासारखे झोके घेतो, इकडून तिकडे, पुन्हा इकडे, बरेच वेळा. मग उंच चढून एकदा खाली सूर मारतो. रूफसच्या नरात लंबकाचा हा लांब खेळ नसतो. तो इंग्रजी जे अक्षराच्या वळणाचे सूर एकामागून एक मारतो आणि तळाशी अडखळत्या 'चु-चु-चु-चु' सारखा आवाज येतो. ॲनाजचा नर तीस-चाळीस मीटर उंच जाऊन जवळजवळ सरळ खाली येतो आणि तळाशी एकच मोठा 'चिक्' होतो. तो आवाज गळ्यातून नाही, शेपटीच्या पिसांतून निघतो.

तरुण नर सराव करताना अर्धवट काहीही करतात. एका कसरतीवरून निकाल देऊ नका. दोन-तीन पूर्ण बघा.

८. फीडर लावणार असाल तर

एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. बस. लाल रंग घालू नका. आपल्या घरात गूळ आणि मध हाताशी असतात आणि ते जास्त पौष्टिक वाटतात, पण दोन्ही नकोत: मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते, आणि गुळातलं किंवा ब्राउन शुगरमधलं लोह या पक्ष्यांना सोसत नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदला, फीडर गरम पाण्याने घासून धुवा. जमत नसेल तर फीडर न लावलेला बरा. त्याऐवजी कुंडीत हमिंगबर्ड सेज किंवा कॅलिफोर्निया फ्युशिया लावा. ही इथलीच झाडं आहेत आणि पक्ष्यांना ती ओळखीची आहेत.

फीडर काचेच्या खिडकीपासून एक तर मीटरभराच्या आत टांगा किंवा चांगला लांब. मधल्या अंतरावर टांगला तर पक्षी वेग घेऊन काचेवर आदळतात.

९. नोंद कशी लिहायची

ईबर्डच्या टिप्पणीत निष्कर्ष लिहू नका, दिसलं ते लिहा. 'ॲलन्स, खात्रीने' याचा ईबर्डच्या नोंदी तपासणाऱ्याला काही उपयोग नाही. असं लिहा: 'प्रौढ नर, गळा पूर्ण केशरी. पंखांच्या मधली पाठ हिरवी, तांबूस पीस दिसलं नाही. शेपटी उघडलेली बघितली, आर-२ ला खाच नाही. लंबकासारखे झोके, मग एक सूर. तारीख १० फेब्रुवारी, हाफ मून बे.' जे दिसलं नाही तेही लिहा: 'शेपटी मिटलेलीच होती.'

फोटो जोडताना सुंदर फोटोऐवजी खुणा दाखवणारा जोडा. पाठीचा एक, शेपटीचा एक, धूसर असले तरी चालतील. स्थानिक तपासनीसाने विचारणा केली तर तिला उत्तर द्या, आणि फोटो पुन्हा पाहून जात बदलावीशी वाटली तर जुनी नोंद उघडून 'रूफस/ॲलन्स' करा. नोंद कधीही दुरुस्त करता येते.